उल्हासनगरात अर्ज भरताना: बराकीच्या सनदेपासून एबी फॉर्मपर्यंत

उल्हासनगर महापालिकेची या वेळची निवडणूक 15 डिसेंबर 2025 रोजी जाहीर झाली. अर्ज भरायची मुदत 23 ते 30 डिसेंबर. त्यातून नाताळ आणि 28 तारखेचा रविवार वजा करा. राहिले सहा दिवस, रोज सकाळी 11 ते दुपारी 3. सगळे मिळून चोवीस तास. बिगारीपासून आयुक्तापर्यंत सगळ्यांना माहीत असतं की या चोवीस तासांत अर्ज फक्त द्यायचा असतो, तयार करायचा नसतो. माहीत नसतं ते पहिल्यांदा उभं राहणाऱ्या पोरांना.

आम्ही ज्यांचे कागद लावून देतो ती मुलं-मुली सिंधी निर्वासित कुटुंबांतली. वय पंचवीस ते तीस-बत्तीस. कुणी सनदांच्या, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी कागदांच्या मागे लागलेलं, कुणी धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांसाठी हेलपाटे घातलेले, कुणी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्यांचे फॉर्म भरून देणारं. वस्तीत नाव आहे, काम आहे, पण घरात आजवर कुणी निवडणूक लढवलेली नाही. अशा उमेदवाराचा अर्ज कुठे अडतो, तेवढंच इथे लिहितो. भाषण कसं करावं ते दुसऱ्या कुणाला विचारा.

शहराचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल, कारण अर्ध्या अडचणी त्यातूनच येतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचे ट्रान्झिट कॅम्प होते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्या बराकींत आणून ठेवली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं. 1960 मध्ये नगरपालिका, 1996 मध्ये महापालिका. कॅम्प 1 ते 5 हे आकडे अजून पत्त्यात आहेत, पिनकोडसुद्धा त्याच ओळीने 421001 ते 421005. घराचा पत्ता म्हणजे बराक नंबर, खोली नंबर, सेक्शन. जिथे बराक होती तिथे आज पाच मजली इमारत असली तरी कागदावर बराकच.

आता पहिला प्रश्न: उमेदवार कायद्याने उभा राहू शकतो का?

वय अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी 21 पूर्ण हवं आणि नाव शहराच्या मतदार यादीत हवं. ज्या प्रभागातून लढायचं त्याच प्रभागात नाव असायला हवं असं नाही, शहरात कुठेही चालतं. पण मतदार व्हायला आधी नागरिक असावं लागतं, आणि इथे 'निर्वासित कुटुंब' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी कुटुंबं येतात.

पहिलं, फाळणीत आलेलं. संविधानाच्या अनुच्छेद 6 प्रमाणे 19 जुलै 1948 च्या आधी आलेला आणि तेव्हापासून इथेच राहिलेला माणूस नोंदणीशिवाय नागरिक ठरला. त्यानंतर आलेल्यांना मात्र अर्ज करून नोंदणी करावी लागली, तीही संविधान लागू व्हायच्या आत. यातली गंमत अशी की 19 जुलैच्या आधी आलेल्यांना कोणतंही प्रमाणपत्र दिलंच गेलं नाही, कारण द्यायची गरजच नव्हती. आजोबांचं 'नागरिकत्वाचं सर्टिफिकेट' शोधण्यात घरच्यांनी महिना घालवल्याचं आम्ही पाहिलं आहे. ते नव्हतंच तर सापडणार कुठून? त्यापेक्षा वडिलांचा किंवा आईचा इथल्या जन्माचा दाखला काढा. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. वडील 1962 साली कॅम्प 3 मध्ये जन्मले असतील, तर आजोबा कधी, कुठल्या बोटीने आले हा प्रश्नच उरत नाही. महापालिकेचा जन्मदाखला मिळत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला. तोही नसेल तर जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा.

दुसरं कुटुंब नंतर आलेलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत किंवा त्याही पुढे, पाकिस्तानी पासपोर्टवर व्हिसा घेऊन आलेलं, मग दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिलेलं. यांची मुलं इथेच जन्मली, इथेच शिकली, गोल मैदानात क्रिकेट खेळली, आणि स्वतःला नागरिक धरून चालली. कायदा तसा धरत नाही. 1 जुलै 1987 ते 2 डिसेंबर 2004 या काळात जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी त्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असावा लागतो. 3 डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली. या निवडणुकीत 21 पूर्ण असलेला सर्वांत तरुण उमेदवारही डिसेंबर 2004 चाच असणार, त्यामुळे बहुतेक मुलं मधल्या नियमात येतात. मुलगा 1999 चा आणि आईवडिलांची नागरिक म्हणून नोंदणी 2010 ची, असं असेल तर ती नोंदणी मागे जाऊन मुलाला लागत नाही. त्याचा स्वतःचा अर्ज हवा, स्वतःचं प्रमाणपत्र हवं.

हे काम जिल्हाधिकारी कार्यालयातून होतं. 2016 च्या अधिसूचनेने जे अधिकार काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यात ठाणे होतं. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा वेगळा रस्ता आहे, त्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी आले. कोणता रस्ता कुणाला लागू हे वकिलाला कागद दाखवून ठरवा, व्हॉट्सॲपवर नाही.

आधार, पॅन, रेशनकार्ड यांतलं काहीही नागरिकत्वाचा पुरावा नाही. आणि मतदार कार्ड 'कुणीतरी काढून दिलं' असेल तर ते घेऊन निवडणुकीत उतरू नका. मतदार नोंदणीच्या फॉर्म 6 मध्ये आपण नागरिक असल्याची घोषणा सही करून दिलेली असते, ती खोटी ठरली तर तो गुन्हा आहे. प्रतिस्पर्ध्याला छाननीच्या दिवशी एवढंच हवं असतं. अशा वेळी आम्ही उमेदवाराला थांबवतो, आधी नागरिकत्व, मग यादी, मग पुढची निवडणूक. राग येतो लोकांना. येऊ द्या.

मतदार यादीचं गणित समजून घेतलं नाही तर सगळं केलेलं पाण्यात. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी ती तारीख 1 जुलै 2025 होती. 2 जुलैला नाव लागलेला माणूस या निवडणुकीत ना मतदार, ना उमेदवार, ना सूचक. नोव्हेंबरमध्ये प्रारूप यादी आली तेव्हा लोक 'आमचं नाव टाका' म्हणून धावले. पण त्या टप्प्यावर नाव टाकलं किंवा काढलं जात नाही. चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव योग्य प्रभागात आणणं, लेखनिकाची चूक सुधारणं, एवढंच होतं. उल्हासनगरात तेही कमी नाही. शहराचा काही भाग कल्याण पूर्व विधानसभा मतदारसंघात जातो, त्यामुळे यादीचे भाग वेगवेगळ्या मतदारसंघांतून गोळा करावे लागतात. एका बराकीतल्या समोरासमोरच्या खोल्या दोन प्रभागांत गेलेल्या असतात. आम्ही प्रारूप यादी हातात घेऊन बराकी चालत तपासतो. दोघं लागतात, एक यादी वाचणारा, एक दार वाजवणारा. संगणकावर शोधून हे होत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे नावं.

सिंधी आडनावाचं देवनागरी हा स्वतंत्र विषय आहे. इंग्रजीतून आपोआप मराठीत उतरवलेल्या यादीत लालवाणीचं 'लालवनी' होतं, छाब्रियाचं 'छाबारीया'. शाळेच्या दाखल्यावर लालवानी, पॅनवर इंग्रजी, सनदेवर आजोबांच्या काळचं भलतंच. अर्जावर कोणतं लिहायचं? आम्ही डोळे मिटून मतदार यादीतलं लिहितो, वेलांटीसकट, कितीही चूक दिसलं तरी. बाकी कागदांवरचा फरक एका प्रतिज्ञापत्रात, 'या सर्व नावांची व्यक्ती मी एकच' असं लिहून. यादीतलं नावच दुरुस्त करायचं असेल तर फॉर्म 8 ठरलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी द्यायचा.

मुलींच्या बाबतीत गुंता दुप्पट. लग्नात वधूचं पहिलं नावच बदलायची रीत सिंध्यांत आहे, तशी ती आपल्याकडेही होतीच. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक बाई, मतदार कार्डावर दुसरी. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर दोन्ही जोडले जातात. मंदिरात किंवा टिकाण्यात, म्हणजे सिंध्यांच्या प्रार्थनास्थळात, लग्न झालं आणि नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या, आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा. याला काही आठवडे धरा. जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं असतं हे लक्षात ठेवा, ते बदलायचं नाही, फक्त जोडायचं.

जागेचं आरक्षण पाहू. उल्हासनगरात 78 जागा, 20 प्रभाग. त्यातले 18 चार जागांचे आणि दोन तीन जागांचे. निम्म्या, म्हणजे 39 जागा महिलांच्या. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या 5,06,098, म्हणजे एका जागेमागे साधारण साडेसहा हजार माणसं, पण मत मागायचं पूर्ण प्रभागात, म्हणजे सव्वीस हजारांच्या वस्तीत. हा चारसदस्यीय प्रभाग एकट्यादुकट्या कार्यकर्त्याला मारक आहे, हे आमचं स्पष्ट मत. एका गल्लीत जीव तोडून केलेलं काम चार पटीच्या प्रभागात विरघळून जातं.

राखीव जागेवर लढायचं तर जात प्रमाणपत्र आणि व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणी समितीचं जात वैधता प्रमाणपत्र. व्हॅलिडिटी हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि सहा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र चालतं. पण मुदतीत आणलं नाही तर पद जातं. निर्वासित कुटुंबाची खरी कसोटी त्या पुराव्यांच्या तारखांत आहे. महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा मागतात. 1967 च्या आधीचा शाळेचा दाखला उल्हासनगरात बहुतेक घरांत मिळतो. 1950 च्या आधीचा मिळणं कठीण, कारण कुटुंबं तेव्हा नुकतीच उतरत होती, काही तर आधी दुसऱ्याच प्रांतातल्या कॅम्पात होती. कॅम्पातलं रेशनकार्ड, निर्वासित म्हणून झालेली नोंद, 1949-50 च्या शाळाप्रवेशाची ओळ, यांतलं काही असेल तरच पुढे जा.

हे जुने कागद बरेचदा फारसी-अरबी लिपीतल्या सिंधीत असतात. घरातली साठीच्या आतली माणसं ती लिपी वाचू शकत नाहीत. कागद उलट्या बाजूने धरून 'यात काय आहे?' विचारणारे नातू आम्हाला नवीन नाहीत. वाचून देणारे आजोबा, आजी प्रत्येक गल्लीत दोन-चार उरले आहेत. ते आधी तोंडी सांगतात, "पुट, यात तुझ्या पणजोबांचं गाव आहे, आणि माणसं सात लिहिली आहेत." त्यावरून नेमका कामाचा कागद कोणता हे ठरवायचं आणि तेवढ्याचंच अधिकृत भाषांतर करून घ्यायचं. सगळ्या गठ्ठ्याचं भाषांतर करून पैसे घालवू नका. मूळ कागद लॅमिनेट तर मुळीच करू नका. पडताळणीत मूळ कागद, शाई, शिक्का पाहायचा असतो, आणि प्लॅस्टिक ओढून काढताना शाई निघून येते.

खुल्या जागेवर लढणाऱ्याला यातलं काही लागत नाही, त्यामुळे बहुसंख्य सिंधी उमेदवार हा परिच्छेद ओलांडून पुढे जाऊ शकतात.

थकबाकी. महापालिकेचा कर थकवलेला माणूस अपात्र ठरू शकतो, म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला जोडतात. मालमत्ता कराचं बिल आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, तीन मुलगे, घर वर वाढलेलं, खालच्या मजल्यावर भाडेकरू. 'माझ्या नावावर काही नाही' म्हणून उमेदवार निश्चिंत. हरकत घेणारा मात्र बिल नंबर घेऊन येतो. दरमहा दोन टक्के शास्ती लागून थकबाकी मुद्दलाला गाठते. शास्ती माफीची अभय योजना अधूनमधून येते, ती आली की त्या वेळीच भरून टाका, डिसेंबरची वाट पाहू नका. पाणीपट्टी वेगळी बघा. पावतीवरचा मालमत्ता क्रमांक आणि अर्जातला पत्ता एकच आहे का, तेही बघा. ऑनलाइन भरलेली रक्कम खात्यात दिसायला दोन-तीन दिवस जातात, आणि दाखल्याच्या रांगेत त्या आठवड्यात अख्खं शहर उभं असतं.

त्याहून नाजूक विषय अनधिकृत बांधकामाचा. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबित व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर नगरसेवकपद जाऊ शकतं, अशी तरतूद महापालिका अधिनियमातच आहे. उल्हासनगरात ही तरतूद वाचून हसावं की रडावं कळत नाही. बराकींवर मजले चढत गेले, नव्वदच्या दशकात उलवा रेती, म्हणजे निकृष्ट दर्जाची रेती, वापरून इमारती उठल्या, त्यांचे स्लॅब आता कोसळतात. शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला 2006 साली खास उल्हासनगरसाठी कायदा करावा लागला. त्यामुळे उमेदवाराच्या घराचा कागद आम्ही तीन प्रश्नांनी तपासतो. सनद कुणाच्या नावाची? तिच्यात क्षेत्र किती लिहिलंय, आणि जागेवर किती आहे? नियमितीकरणाचा अर्ज केला होता का, केला असेल तर पैसे भरल्याची पावती कुठे? आजोबांनी केलेलं बांधकाम नातीने केलं असं होत नाही, पण तिने गेल्या वर्षी गच्चीवर पत्र्याची खोली काढली असेल तर ती विषय होते. धोकादायक इमारतींसाठी लढणाऱ्या मुलीच्याच गच्चीचा फोटो फिरतो.

सामाजिक काम करणाऱ्याला आणखी एक फास असतो, महापालिकेशी असलेला करार. आपली संस्था महापालिकेसाठी प्रशिक्षण वर्ग चालवत असेल, सर्वेक्षणाचं काम घेतलं असेल, बचत गटाच्या नावे ठेका असेल, तर त्यातला आर्थिक हितसंबंध अपात्रतेचं कारण होऊ शकतो. नुसतं 'मी मानधन घेत नाही' म्हणून भागत नाही. राजीनामा, संस्थेच्या ठरावाची प्रत, धर्मादाय आयुक्तांकडे बदल कळवल्याची पोच, सगळं अर्जाच्या तारखेच्या आधीचं हवं.

आता शपथपत्र. यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे, अपत्यं. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्यांमुळे अपत्यं दोनाहून जास्त झाली तर अपात्रता, पण पंचविशीतल्यांना त्याची चिंता क्वचित. शौचालय वापराचं स्वयंप्रमाणपत्र वेगळं. शपथपत्राचा एकच नियम पाठ करा, एकही रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही'. रेघ मारणं म्हणजे कोरं सोडणंच. कोऱ्या रकान्यांचा अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलं आहे. आमच्याकडे दोन माणसं पेन्सिल घेऊन प्रत्येक पानाचे रकाने मोजतात, आणि लिहिणारा मोजत नाही.

गुन्ह्यांच्या रकान्यात मोर्चेकरी हमखास चुकतात. पाण्यासाठी, सनदेसाठी मोर्चा काढला, जमावबंदी होती, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 च्या आदेशाचा भंग म्हणून 135 खाली नाव लागलं. संध्याकाळी घरी सोडलं, चहा प्यायला, विसरून गेले. तो गुन्हा कागदावर जिवंत असतो. पोलीस ठाण्यातून आणि न्यायालयाच्या संकेतस्थळावरून स्वतःचं नाव शोधून घ्या, नावाच्या सगळ्या स्पेलिंगांनी. जाहीर केलेल्या आंदोलनाच्या गुन्ह्याने उमेदवारी जात नाही, लपवलेल्याने पुढे निवडणूक याचिका लागते.

सनदेवर आजोबांचं नाव आणि वारसनोंद झालेली नाही, अशा घराचं मालमत्तेच्या रकान्यात काय लिहायचं? वडील हयात असतील आणि हक्क त्यांचा असेल तर उमेदवाराच्या नावे निरंक. वडील वारले असतील तर 'वारसाहक्काने अविभक्त हिस्सा, वाटणी झालेली नाही' असं लिहून अंदाजे मूल्य. चुलत्यांना न विचारता हे लिहिलं तर निवडणुकीआधी घरातच निवडणूक होते.

सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागातले मतदार हवेत. अर्ज बाद होण्याचं आमच्या पाहण्यातलं सर्वांत मूर्ख कारण हेच. शेजारचे काका वर्षानुवर्षं सोबत आहेत, सही आनंदाने केली, पण त्यांच्या खोलीपासून पलीकडचा प्रभाग सुरू होतो. अंतिम यादी आल्यावर तिच्यातला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बघूनच सही घ्या, जुन्या प्रारूप यादीवरून नको, अनुक्रमांक बदललेले असतात. सूचक-अनुमोदकांच्या तीन जोड्या तयार ठेवा. आदल्या रात्री एखाद्याला 'वरून' फोन येतो आणि सकाळी तो गावी गेलेला असतो. उमेदवाराचं स्वतःचं नाव दुसऱ्या प्रभागात असेल तर त्या यादीच्या पानाची प्रमाणित प्रत जोडायची.

अनामत महापालिकेसाठी 5,000 रुपये, राखीव प्रवर्गाला 2,500. रोख घेऊन जा, सुट्टे करून, आणि पावतीवरचं नाव-जागा तिथेच वाचा. जागा म्हणजे अ, ब, क की ड. प्रभाग बरोबर आणि जागा चुकली की सगळं चुकलं. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं लागतं. ते नोव्हेंबरातच उघडा, चेकबुक यायला आठ-दहा दिवस जातात.

पक्षाचं तिकीट मिळणार असेल तर एबी फॉर्म, म्हणजे 'हा आमचा अधिकृत उमेदवार' असं सांगणारा पक्षाचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. तरुण कार्यकर्त्यांना तो 30 तारखेला सव्वादोनला मिळतो, किंवा मिळत नाही. म्हणून आम्ही उमेदवाराला 26 लाच अर्ज भरायला लावतो, आणि सोबत एक अपक्ष अर्जही. एबी आला तर अपक्ष अर्ज मागे घेता येतो. नाही आला तर निदान पायाखाली जमीन असते. झेरॉक्स किंवा स्कॅन केलेल्या सहीचा एबी चालत नाही, सही मूळ शाईची हवी. या वेळी अर्ज कागदावरच घेतले. 2017 मध्ये संकेतस्थळावर भरून छापील प्रत द्यावी लागली होती, त्या जुन्या माहितीवर विसंबून काही जण सायबर कॅफेत बसून राहिले.

छाननी 31 डिसेंबरला. उमेदवाराने स्वतः जावं, सोबत वकील आणि मूळ कागदांची फाइल, विषयवार खुणा लावलेली. हरकतीला तिथेच उत्तर द्यावं लागतं, 'घरी आहे, आणतो' म्हणायला वेळ नसतो. निर्वासित कुटुंबातल्या उमेदवारावर 'हा मूळचा इथला नाही' अशी हरकत तोंडी हमखास येते. तिला तोंडी उत्तर देऊ नका. लेखी मागा. लेखी मागितली की निम्म्या वेळा ती येतच नाही, कारण 'मूळचा' हा शब्द कायद्यात नाही. आली तर मतदार यादीतली नोंद आणि आईवडिलांचा जन्मदाखला पुढे करा.

2 जानेवारीला माघार, 3 ला चिन्हं. अपक्षाला मुक्त चिन्हांतून पसंती द्यायची. रोजच्या वापरातली, काळ्या-पांढऱ्या छपाईत ओळखू येणारी वस्तू निवडा, पंख्याची आणि फुलाची चित्रं लहान आकारात सारखीच दिसतात. प्रचार 13 च्या संध्याकाळी संपला, म्हणजे चिन्हासह हातात दहाच दिवस. पत्रक दोन लिप्यांत काढलं तर बरं पडतं, म्हाताऱ्या मंडळींसाठी अरबी लिपीतली सिंधी, बाकी सगळ्यांसाठी देवनागरीत मराठी आणि हिंदी. प्रभागात मराठी, भोजपुरी बोलणारी घरं भरपूर आहेत, नुसत्या सिंधी पत्रकावर चार जागांचा प्रभाग निघत नाही. मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या प्रत्येक पत्रकावर छापलीच पाहिजे.

मतदाराला शिकवायची गोष्ट एकच. त्याला चार मतं द्यायची आहेत (तीन जागांच्या प्रभागात तीन). यंत्रावर अ जागेची पत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी, ड ची फिकी निळी. चारही दिल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही. आजी एक बटण दाबून बाहेर निघते आणि आतून अधिकारी हाका मारतो. म्हणून प्रचारात नावाआधी रंग सांगा, 'गुलाबी कागदावर तिसरं'. आणि उरलेल्या तिघांना कुणाला मत द्यायचं हे तुम्ही नाही सांगितलं तर दुसरा सांगतो, आणि जाता जाता तुमच्या जागेचंही सांगून जातो. पॅनलशिवाय लढणाऱ्याचं नुकसान इथे होतं.

खर्चाची मर्यादा उल्हासनगरसाठी 9 लाख. आमच्या उमेदवारांना ती गाठण्याची भीती नसते, हिशेब न ठेवण्याची असते. चहा, वडापाव, रिक्षा, खुर्च्या, सगळ्यांचे दर महापालिकेने ठरवलेले असतात. मित्राने फुकट दिलेला टेम्पोही त्या दराने खर्चात धरतात. रोजचा खर्च दुसऱ्या दिवशी द्यायचा. एक माणूस फक्त याच कामाला ठेवा, ज्याला प्रचाराची हौस नाही असा. कॅम्पात हिशेब लिहिणारा शोधायला लांब जावं लागत नाही, दर दुसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक बसलेला असतो.

मतमोजणी 16 जानेवारीला झाली. निकालापासून 30 दिवसांत पूर्ण खर्चाचं विवरण द्यायचं, म्हणजे 15 फेब्रुवारीपर्यंत. हे हरलेल्यालाही लागू आहे, आणि हरलेलाच ते विसरतो. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. 15 ला रविवार होता, त्यामुळे आम्ही 13 लाच दिलं. पोचपावतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, तिच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि मूळ प्रत सनदेच्या फाइलमध्ये लावली.